टेपा कुणाच्या?

कॅलिफोर्नियातल्या यॉर्बा लिंडा गावात एक लहानसं पांढरं लाकडी घर आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रिचर्ड निक्सन यांचा जन्म 1913 साली तिथे झाला. त्याच आवारात आज त्यांची आणि पत्नी पॅट यांची समाधी आहे, आणि शेजारीच त्यांच्या नावाची प्रेसिडेन्शियल लायब्ररी.

या लायब्ररीत पुस्तकं वाचायला कुणी जात नाही. तिचा अर्धा भाग दप्तरखाना, अर्धा संग्रहालय. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची हाइड पार्कची लायब्ररी 1941 मध्ये उघडली, तेव्हापासूनची ही जोडी. इमारत खासगी देणग्यांतून उभी राहते, आतले कागद राष्ट्रीय अभिलेखागार सांभाळतं. मला या जोडीचीच धास्ती वाटते. देणगीदाराला स्मारक हवं असतं, अभ्यासकाला कागद. आणि दोघांना एकाच दारातून आत जायचं असतं.

यॉर्बा लिंडात हे उघड दिसलं. 1990 मध्ये लायब्ररी सुरू झाली ती पूर्णपणे खासगी पैशावर, आणि अध्यक्षपदाच्या काळातले कागद तिथे नव्हतेच. ज्या वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सन यांना पद सोडावं लागलं, त्याचं दालन मात्र होतं. ते सगळं प्रकरण म्हणजे विरोधकांनी सत्ता उलथवण्यासाठी रचलेला डाव, असं तिथे येणाऱ्याला सांगितलं जाई.

कागद तिथे का नव्हते? अमेरिकेत अध्यक्षांचे कागद ही पूर्वी त्यांची खासगी मालमत्ता मानली जायची. पायउतार होताना ते बरोबर न्यायचे. मग वारसांनी जपले तर जपले, जाळले तर जाळले. ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला आणि महिनाभरात सरकारशी एक करार केला. त्यानुसार व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या टेपा त्यांच्या मृत्यूनंतर, किंवा फार तर 1984 पर्यंत, नष्ट व्हायच्या होत्या. फेब्रुवारी 1971 ते जुलै 1973 या काळातलं सुमारे 3,700 तासांचं ध्वनिमुद्रण! काँग्रेसने डिसेंबरमध्ये तातडीने कायदा करून ते ताब्यात घेतलं. निक्सन कोर्टात गेले आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला: 1981 पासून अध्यक्षांचे कामकाजाचे कागद जनतेचे.

कायदा चांगला आहे, पण त्याला दात नाहीत. पदावर असताना काय जपायचं हे पाहण्याची जबाबदारी त्याने मुख्यतः अध्यक्षांवरच सोपवली. जानेवारी 2022 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या निवासस्थानाहून 15 खोकी परत आणावी लागली, ती मागून मागून. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हाती वही ठेवली की हे होणारच.

यॉर्बा लिंडाची लायब्ररी 2007 मध्ये सरकारी अभिलेखागाराकडे आली. पहिले सरकारी संचालक, इतिहासकार टिमथी नाफ्ताली, यांनी वॉटरगेटचं दालन नव्याने मांडायला घेतलं. आधी लायब्ररी चालवणाऱ्या खासगी निक्सन फाउंडेशनने कडाडून हरकती घेतल्या, काम रखडलं. अखेर मार्च 2011 मध्ये नवं दालन उघडलं, आणि त्याच वर्षी नाफ्ताली तिथून गेले. ज्या माणसाने त्या वास्तूला तिचं खरं काम करायला लावलं, त्याचं नाव त्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत असावं, असं मला मनापासून वाटतं.

निक्सन यांच्या त्या टेपांशी आपलाही संबंध आहे. नोव्हेंबर 1971 मध्ये बांगलादेशाचा प्रश्न पेटलेला असताना इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. त्यांच्या पाठीमागे निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर इंदिराजींविषयी कोणत्या भाषेत बोलले, हे 2005 मध्ये जगापुढे आलं, आणि किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला. तरीही काही तुकडे बंदच होते. गॅरी बास या अभ्यासकाने पाठपुरावा केला, आणि भारतीय स्त्रियांबद्दलचे निक्सन यांचे किळसवाणे उद्गार 2020 मध्ये ऐकायला मिळाले. तोवर इंदिराजींना जाऊन 36 वर्षं झाली होती.