व्हँकुव्हर: विसाव्या मजल्यावरचं घर आणि खाली सायकलचा रस्ता

व्हँकुव्हरच्या डाउनटाउनमध्ये घर शोधताय? मग समुद्र दिसतो का, याच्या आधी तळघरातली सायकल-रूम बघा!

यालटाउन आणि कोल हार्बर भागातले उंच काचेचे टॉवर पाण्याच्या अगदी काठावर आहेत. यालटाउनजवळच्या फॉल्स क्रीकच्या उत्तर काठावर १९८६ चं एक्स्पो प्रदर्शन भरलं होतं. नंतर त्याच जागेवर यालटाउनकडची टॉवरांची वस्ती उभी राहिली. इमारतींच्या समोरून जातो तो सीवॉल, म्हणजे पाण्याकाठचा रस्ता. सीसाइड ग्रीनवे या सलग २८ किलोमीटरच्या मार्गाचा हा भाग. सीवॉलवर स्टॅनली पार्कच्या कडेने सायकल फक्त एकाच दिशेने चालवायची, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पाणी सतत उजव्या हाताला राहतं. पहिल्या फेरीतच हा रस्ता जीव लावतो!

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी शहराच्या आतही सोय आहे. बरार्ड पुलावर २००९ मध्ये आणि डन्सम्युअर, हॉर्नबी रस्त्यांवर २०१० मध्ये सायकलींसाठी वेगळ्या लेन झाल्या. मोटारींपासून आडोसा असल्यामुळे नवखी माणसंही बिनधास्त निघतात. स्वतःची सायकल नसेल तर २०१६ पासून मोबीच्या भाड्याच्या सायकली आहेत. हेल्मेट मात्र कायद्यानेच सक्तीचं.

घर घेण्याआधी सोसायटीचे नियम नीट वाचा. काही ठिकाणी सायकल लिफ्टमधून वर न्यायला मनाई असते. चोऱ्या होतात, त्यामुळे सायकल-रूमचं दार स्वतः ओढून बघा आणि भक्कम यू-लॉक घ्याच.