ठाण्यास एक दिवस

रविवारची सुटी समोर आली, म्हणजे मुंबईंतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना न्यावयाचें कोठें? माथेरान किंवा लोणावळें म्हटलें, तर मुक्कामाचा खटाटोप आला. चौपाटी म्हटली, तर ती मुलांनीं शंभर वेळां पाहिलेली. मग अखेरीस एखाद्या थंडगार केलेल्या मॉलमध्यें दिवस घालवून, घरून निघतांना नको होत्या अशा चार वस्तु घेऊन मंडळी परत येतात. अशा वेळीं मीं ठाण्याचें नांव काढलें, कीं ऐकणाराच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीं किंचित् करुणा उमटते. "ठाण्यास? तेथें पाहण्यासारखें आहे तरी काय?"

हा प्रश्न अगदींच गैर नाहीं, हें मी आरंभींच कबूल करतों. केवळ डोळ्यांनीं पहावयाचें म्हटलें, तर ठाणें दोन तासांत आटोपतें. एक तळें, एक देऊळ, एक जुनें चर्च, तुरुंगाची भिंत आणि खाडी. परंतु ठाणें हें दाखविण्यापेक्षां सांगण्याचें गांव आहे. बरोबरच्या वडील माणसानें कांहीं गोष्टी आधीं समजून घेतल्या असतील, तर दिवस पुरत नाहीं, नसतील, तर अकरा वाजतांच "घरीं केव्हां जावयाचें?" असें मुलें विचारूं लागतात, आणि तो दोष मुलांचा नसतो. त्या गोष्टी आज आपणांस सांगाव्यात, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

तयारीची सुरुवात आदल्या रात्रीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून करावी. ठाण्याच्या खाडींत नावेंतून फिरावयाचें असेल, तर दिवसाचें वेळापत्रक आपण ठरवावयाचें नसतें, तें भरतीओहोटीनें ठरविलेलें असतें. कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे : त्या दिवसाच्या तिथीचा आंकडा तीनानें गुणावा आणि चारानें भागावा, म्हणजे भरती किती वाजतां येईल तें निघतें. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा, द्वादशीस नऊ. पौर्णिमेस व अमावास्येस ऐन दुपारीं पाणी चढलेलें सांपडतें, तें याच हिशेबानें. भरती दिवसांतून दोनदां, सुमारें साडेबारा तासांच्या अंतरानें येते व रोज पाऊणएक तास पुढें सरकते; खाडीच्या आंतल्या बाजूस ती मुंबईच्या बंदराहून थोडी उशिरां पोहोंचते. हें गणित मुलांकडूनच करवून घ्यावें. पाठ्यपुस्तकांतील त्रैराशिकाचा कंटाळा करणारें मूल उद्यांच्या समुद्राची वेळ सांगतां येते म्हटल्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसतें, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट गाडींत बसल्यावर सांगावयाची. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून चौदा डब्यांची गाडी सुमारें चारशें पाहुण्यांना घेऊन निघाली व एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर अंतर कापून ठाण्यास येऊन थांबली. हिंदुस्थानांतील उतारूंची ही पहिली आगगाडी, एवढें प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असतें. परंतु ती ठाण्यासच कां थांबली, असें विचारा, म्हणजे तें विचारांत पडेल. उत्तर नकाशांत आहे. मुंबई आणि साष्टी हीं मुळांत बेटें. साष्टीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व उत्तरेस उल्हास नदीचें मुख. या पाण्यापलीकडे खरी भूमि. दक्षिणेकडे भली रुंद असलेली ही खाडी ठाण्यापाशीं अरुंद होते, आणि पलीकडचा कांठ हांकेच्या अंतरावर येतो. ज्याला बेटावरून देशावर जावयाचें, त्याला हाच उतार सोयीचा. लोहमार्गही प्रथम येथवरच आला आणि पाण्यावर पूल झाल्यानंतर १८५४ च्या मे महिन्यांत कल्याणास पोहोंचला. शक्य असेल तर ठाण्यास न उतरतां धिम्या गाडीनें एक स्टेशन पुढें कळव्यास जावें व लगेच परत फिरावें. त्या दोन मिनिटांच्या प्रवासांत खाडी दोन वेळां ओलांडली जाते, आणि गांव येथेंच कां वसलें हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

ही जागा किती जुनी आहे, याचा पुरावा योगायोगानेंच हातीं आला. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचा इ. स. १०१७ मधील ताम्रपट सांपडला. त्या राजवंशाच्या लेखांतून येणारें स्थानक किंवा श्रीस्थानक म्हणजेच आपलें ठाणें. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानेंही 'ताना' या राज्याचा व तेथून बाहेर जाणाऱ्या कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराचा उल्लेख केला आहे.

आतां किल्ल्याविषयीं. तो आज मध्यवर्ती कारागृह आहे, आणि म्हणून आंत जातां येत नाहीं; बाहेरून ती काळसर भिंत पाहून घ्यावयाची. मागच्या खेपेस माझ्या धाकट्या भाच्यानें तेथें भर रस्त्यांत विचारलें, "मामा, किल्ला आहे ना? मग आपल्याला आंत कां नाहीं जाऊं देत?" त्याला उत्तर म्हणून मीं जें सांगितलें, तेंच येथें थोडक्यांत सांगतों.

पोर्तुगीजांनीं हा किल्ला १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वींच, १७३७ मध्यें, चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं ठाणें घेतलें. १७७४ च्या डिसेंबरांत तें इंग्रजांनीं घेतलें. पुढें गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणांत बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनीं येथें डांबून ठेविलें, आणि पहाऱ्यास मुद्दाम गोरे शिपाई नेमले, कीं ज्यांना फितवितां येऊं नये. पण यांतच त्यांची चूक झाली. एक मोतद्दार आपल्या धन्याचा घोडा फिरवीत रोज खिडकीखालून जाई व मराठींत कांहींबाही गाणें म्हणे. गोऱ्या शिपायांच्या कानांना तें नुसतें गाणें. आंतल्या माणसाला मात्र त्यांत सुटकेचा सगळा बेत ऐकूं येत होता. १८१६ च्या सप्टेंबर महिन्यांत त्रिंबकजी निसटला. दहाएक वर्षांनीं या भागांत आलेल्या बिशप हेबर यानें ही हकीकत लिहून ठेविली आहे. भाचा मनापासून हंसला. एक अख्खें सरकार केवळ मराठी येत नसल्यामुळें फसलें, ही कल्पना त्याला फारच आवडली.

दुसरी गोष्ट सांगतांना मात्र माझाच स्वर खालीं आला. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्याबद्दल अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं याच भिंतीच्या आंत फांशी देण्यांत आलें. कान्हेरे अवघ्या अठरा वर्षांच्या आसपासचा. सहलीच्या दिवशीं मुलांना हें सांगावें कीं न सांगावें, याविषयीं घरांत मतभेद होऊं शकतो; आमच्या घरींही झाला. भाची त्या वेळीं सोळा वर्षांची होती. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं, आणि तळ्यापर्यंत आपण होऊन माझा हात धरून चालली. मी सांगितलें हें बरें केलें, असें मला अजूनही वाटतें.

तेथून मासुंदा तलाव पायीं चालण्याच्या अंतरावर आहे. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. कांठावर कौपिनेश्वराचें देऊळ. त्यांतील विशाल शिवलिंग पाहून लहान मुलें प्रथम थोडीं दबकतात. आजचें देऊळ पेशवाईंतलें, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं उभारलेलें. त्याच तळ्याच्या दुसऱ्या बाजूस पोर्तुगीज काळापासूनचें सेंट जॉनचें चर्च आहे, आणि जवळच १९७८ मध्यें उघडलेलें राम गणेश गडकरी रंगायतन. देऊळ, चर्च आणि नाटकगृह यांचें प्रतिबिंब एकाच पाण्याच्या आसपास पडावें, ही गोष्ट मला शहराच्या कोणत्याही वर्णनाहून अधिक बोलकी वाटते. तळ्यांत पायानें चालवावयाच्या होड्या मिळतात. त्यासाठीं मुलांना कांहींच सांगावें लागत नाहीं.

ठाण्यास तलावांचें शहर म्हणतात. एके काळीं साठाच्या आसपास तळीं होतीं, असें जुने लोक सांगतात. आज उरलीं आहेत तीं पस्तिसाच्या घरांत. बाकीचीं भरून आलीं किंवा भरून टाकलीं गेलीं. तळें बुजलें, म्हणजे पावसाचें पाणी नाहींसें होत नाहीं. तें तळ्याऐवजीं रस्त्यावर आणि तळमजल्यावर जमतें. मुलांना एवढें जरूर दाखवावें कीं, मासुंदा तलाव वांचला तो त्याच्या कांठीं माणसें रोज येऊन बसतात म्हणून. ज्या तळ्याकडे कोणी जात नाहीं, त्याच्या वतीनें बोलावयासही कोणी उरत नाहीं.

दुपारच्या खाण्याचें मी फारसें सांगत नाहीं. मामलेदार कचेरीच्या नांवानें ओळखली जाणारी मिसळ प्रसिद्धच आहे. ती तिखट आहे, एवढें सांगून लहानांसाठीं ताक आधींच मागवावें. ज्यांना पुस्तकांची आवड आहे, त्यांनीं १८९३ सालीं स्थापन झालेलें मराठी ग्रंथसंग्रहालय पहावें. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकीं होत. सुटीच्या दिवशीं जावयाचें, तर वेळेची चौकशी आधीं करावी.

आणि मग खाडी. हिंवाळा संपतां संपतां जाल, तर उत्तम. पूल ओलांडून ऐरोलीस गेल्यावर वनखात्याचें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लागतें. नावा तेथून सुटतात. खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखण्यांत आला. येथें ती आदल्या रात्रींची आंकडेमोड कामास येते. पाणी पुरेसें चढल्याशिवाय नाव चालत नाहीं, आणि पाणी उतरून चिखल उघडा पडल्याशिवाय पक्षी चरत नाहींत. दोहोंच्या मधली वेळ ज्याला साधली, त्याचा दिवस सार्थकीं लागला. कांठाच्या तिवरांचीं मुळें चिखलांतून बोटांसारखीं वर आलेलीं दिसतात. चिखलांत हवा नसते, म्हणून झाड तीं श्वासासाठीं वर काढतें.

रोहित पक्षी चरतांना मान खालीं घालून चोंच उलटी धरतो व पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म शेवाळ टिपतो. त्याचा गुलाबी रंग त्या अन्नांतूनच येतो. पिल्लें राखी असतात. हें मी सांगत असतां भाच्यानें थव्यांतील एका मळकट पक्ष्याकडे बोट दाखविलें आणि हा अजून लहान आहे, असें नावाड्यालाच सांगितलें. नावाड्यानें मान डोलावली, इंजिन बंद केलें, आणि आम्हीं पुष्कळ वेळ तसेच बसून राहिलों. पाणी उतरूं लागलें होतें.