रुग्णसेवकांच्या पात्रतेची पुनःपरीक्षा

घरांतील वृद्ध माणसास रुग्णालयांत नेलें, म्हणजे आपण प्रथम विचारतों, "डॉक्टर कोण आहेत?" प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. रक्त तपासणारा तंत्रज्ञ, क्ष-किरणांचें चित्र घेणारा, व्यायाम देणारा फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम श्वासयंत्र सांभाळणारा, यांचे हात रुग्णास डॉक्टरांच्या हातांहून पुष्कळदां अधिक वेळ लागतात. रक्ताच्या नळीवरील नांव चुकलें, तर निष्णात वैद्याचेंहि निदान चुकतें.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थात्याच्या अंगीं उपचारज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावे, असें तेथें म्हटलें आहे. पैकीं ज्ञानाचा दाखला प्रमाणपत्रांत मिळतो. पण तो त्या दिवसापुरता. पुढें यंत्रें बदलतात, पद्धति बदलतात, आणि न वापरलेलें कौशल्य गंजतें.

म्हणून सुव्यवस्थित रुग्णालयें नेमणुकीपूर्वीं पदवी व नोंदणी मूळ संस्थेकडून पडताळून घेतात, आणि ह्या माणसानें कोणकोणतीं कामें स्वतंत्रपणें करावीं, हें लेखी ठरवितात. नंतर ठराविक मुदतीनें तोच विचार पुन्हां करतात: प्रत्यक्ष काम पाहतात, चुकांच्या नोंदी वाचतात, नवीन काय शिकला तें विचारतात. ब्रिटनमध्यें आरोग्य व देखभाल व्यवसाय परिषदेच्या कक्षेंतील १५ व्यवसायांस दर २ वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें; तेव्हां शेंकडा २.५ जणांस निवडून त्यांच्या चालू अध्ययनाचा पुरावा मागतात. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानें सहायक आरोग्यव्यवसायांचीं मानकें ठरविण्यासाठीं व नोंदवही ठेवण्यासाठीं राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. परंतु नोंदवहींतील नांव म्हणजे आजची कुशलता नव्हे. ती पारख ज्या त्या रुग्णालयानेंच केली पाहिजे.

पुनःपरीक्षा म्हणजे अविश्वास, असें कांहीं जणांस वाटतें. ती अपमानास्पद होते खरी, पण केव्हां? निकष अलिखित असतात आणि निकाल वरिष्ठांच्या मर्जीवर लागतो तेव्हां. निकष आधीं कळवावे, उणें आढळल्यास शिक्षण द्यावें, आणि तें पुरें होईपर्यंत तेवढेंच काम काढून घ्यावें; उपजीविका काढून घेऊं नये. असें झालें तर प्रामाणिक सेवकासहि ही परीक्षा आपल्या रक्षणाचीच वाटेल.

आपणहि रुग्णालयाच्या व्यवस्थापकांस विनयानें विचारावें: येथील तंत्रज्ञांची पात्रता शेवटीं केव्हां तपासली? चांगल्या संस्थेस ह्या प्रश्नाचा राग येणार नाहीं.