पाठीचा पाठ

‘पाठ’ हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. शाळेत शिकवतात तो पाठ, मुखोद्गत करावयाचे तेही पाठ, आणि ते करता करता अवघडते तीही पाठच! पराक्रम करणाऱ्याची आपण पाठ थोपटतो, संकटात सापडलेल्याच्या पाठीशी उभे राहतो. आमच्या मातृभाषेत, कोकणीत, तिला ‘फाट’ म्हणतात. नाव कोणतेही असो, ती दुखू लागली म्हणजे मनुष्याला दुसरे काही सुचत नाही.

गतवर्षी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता आमची पाठ धरली. आजी असती तर तिने पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाला, बोलावून त्याचा पाय आमच्या पाठीला लावविला असता. उसण भरली की हा उपाय करण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. पण तुकोगंजात पायाळू कोठून आणणार? आम्ही केशकर्तनालयाची वाट धरली. तेथील कारागिराने नेहमीप्रमाणे आमची मान दोन्ही हातांत धरून डावीउजवीकडे झटका दिला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि क्षणभर बरेही वाटले. परंतु त्याच रात्री मान आखडली आणि हाताला मुंग्या येऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थिनीकडे गेलो. ती आता फिजिओथेरपिस्ट आहे. सर्व हकीकत ऐकून ती म्हणाली, “सर, आमची एक वेलांटी चुकली तरी तुम्ही चालू देत नव्हता, आणि स्वतःची मान मात्र कोणाच्याही हाती दिलीत!” शिष्येने गुरूला दिलेला हा पाठ वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पाठीच्या कण्याची रचना पाहू. मानेत 7, छातीच्या मागे 12 आणि कमरेत 5 असे 24 सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांखाली त्रिकास्थी आणि माकडहाड. मणक्यामणक्यांमध्ये कूर्चेच्या एकूण 23 चकत्या असतात. त्या गादीप्रमाणे धक्के सोसतात. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि त्यातून मज्जातंतूंच्या 31 जोड्या सर्व शरीरभर पसरतात. असा हा कणा एकाच वेळी खांबही आहे आणि साखळीही. फार वेळ वाकून बसले की स्नायू आणि सांधे ताठरतात, आणि पाठ तक्रार करू लागते.

हाताने मणक्यांवर उपचार करण्याची कल्पना जुनीच आहे. आपल्याकडचे हाडवैद प्रसिद्ध आहेत. तिला ‘कायरोप्रॅक्टिक’ हे स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील डॅनियल डेव्हिड पामर यांनी. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. 1895 साली आयोवा प्रांतातील डॅव्हनपोर्ट गावी पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबून बसविला, आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. यावरून, शंभरातील पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. आधुनिक विज्ञानाने तो मान्य केलेला नाही.

मग या उपचारात तथ्य काहीच नाही काय? तसेही नाही. सिद्धान्त चुकला म्हणून हात निरुपयोगी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मानसिक आधार यांबरोबरच मणक्यांवरील हस्तोपचार आणि मर्दन यांनाही स्थान आहे. मात्र व्यायामादी उपायांच्या जोडीला, एकट्याने नव्हे. आणि तो ‘कट्’ आवाज? तो मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांधा ताणला गेला की त्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते, तिचा तो आवाज. आवाज झाला म्हणजे रोग गेला, ही निव्वळ समजूत होय.

मानेचे प्रकरण अधिक नाजूक आहे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. जोराच्या झटक्याने त्यांच्या आतील अस्तरास इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. विरळ खरी, पण आहेत. कायरोप्रॅक्टिकचा पूर्ण अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि किमान 4200 तासांचा असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली सांगितले. आमच्या कारागिराचे कात्रीतील कौशल्य वादातीत आहे. पण मानेच्या बाबतीत त्याचा अभ्यास किती तासांचा, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते!

बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात अंथरुणाला खिळून न राहता, सोसेल तितके हिंडत फिरत राहावे, हे उत्तम. परंतु पायात बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, सोबत ताप आला किंवा पडल्यानंतर दुखू लागले, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

आम्हांस मिळालेले औषध साधेच होते: दर अर्ध्या तासाने उठणे, वही डोळ्यांच्या पातळीवर आणणे, रोज चार सोपे व्यायाम. तीन आठवड्यांत मुंग्या थांबल्या, दीड महिन्यात पाठ मोकळी झाली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन तुमच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे. आज घरी गेल्यावर आपले दप्तर काट्यावर ठेवून पाहा. आणि ते दोन्ही खांद्यांवर घेत जा. पुस्तकातील पाठ विसरला तर पुन्हा वाचता येतो. पाठीचा हा पाठ मात्र वेळीच शिकलेला बरा.