विश्लेषण : मोबाइलमधील होकायंत्र का भरकटते? ट्राममुळे मुंबईची चुंबकीय वेधशाळा अलिबागला का गेली?

नकाशा अ‍ॅप उघडले की बाण भलतीकडेच वळतो आणि फोन इंग्रजी आठच्या आकारात फिरवण्याची सूचना येते. यामागचे विज्ञान तेच आहे, ज्यामुळे १२० वर्षांपूर्वी मुंबईतील एका वेधशाळेला जागा बदलावी लागली.

पृथ्वी चुंबक कशी?

लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसपुढे तापले की त्याचे कायमचे चुंबकत्व नाहीसे होते. पृथ्वीच्या गाभ्यात तापमान हजारो अंशांत आहे, म्हणजे तिच्या पोटात पट्टीचुंबक असणे शक्य नाही. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली लोह-निकेलचा वितळलेला रस आहे. तो सतत ढवळत असल्याने त्यात विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होते. डायनॅमोसारखीच ही क्रिया.

उत्तरेकडे नेमका कोणता ध्रुव?

विजातीय ध्रुव एकमेकांना खेचतात. होकायंत्राच्या सुईचे उत्तर टोक उत्तरेकडे ओढले जाते, म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत तेथे चुंबकीय ‘दक्षिण’ ध्रुव आहे! शिवाय तो भौगोलिक ध्रुवाशी जुळत नाही आणि कॅनडाकडून सायबेरियाच्या दिशेने सरकतो आहे. मुंबईत सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक पडतो. न्यूयॉर्कमध्ये तो १२ अंशांहून अधिक आहे. हा फरक भरून काढण्यासाठी लागणारे जागतिक चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी अद्ययावत होते.

मग फोन का चुकतो?

फोनमधील मॅग्नेटोमीटर चिप तीन दिशांतील चुंबकीय क्षेत्र मोजते. महाराष्ट्रात पृथ्वीचे क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. फ्रिजला चिकटवायचे साधे चुंबक जवळून याच्या शंभरपट ताकदीचे असू शकते. त्यामुळे चुंबकाचे कव्हर, गाडीतील होल्डर किंवा लोखंडी सळ्यांचा खांब चिपला सहज चकवतो. आठच्या आकारात फिरवताना फोनमधील स्पीकरचे चुंबक फोनसोबतच फिरते, म्हणून चिपला त्याचा प्रभाव कायम सारखाच जाणवतो. पृथ्वीच्या क्षेत्राचे माप मात्र बदलत राहते. सॉफ्टवेअर स्थिर भाग वजा करते आणि बाण ताळ्यावर येतो. ट्रेकला जाताना चुंबकीय कव्हर काढून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

ट्रामचा संबंध काय?

कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरच्या ट्राम आणायचे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. त्यामुळे १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तेथील बांधकामात चुंबकीय परिणाम नसलेला दगड वापरला गेला, लोखंड कटाक्षाने टाळले गेले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन जुने आणि नवे आकडे जोडून घेतले गेले. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.

या नोंदींचे आज महत्त्व काय?

सप्टेंबर १८५९ मध्ये ‘कॅरिंग्टन’ सौरवादळ पृथ्वीवर आदळले. तेव्हा कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची, म्हणजे १.६ मायक्रोटेस्लाची घट नोंदली गेली. फ्रिजच्या चुंबकापुढे हा आकडा किरकोळ. पण असे बदल अवघ्या पृथ्वीभर होतात आणि लांबच लांब वीजवाहिन्यांत नको असलेले प्रवाह निर्माण करतात. मार्च १९८९ मधील त्याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्युबेकमध्ये सुमारे नऊ तास अंधार केला होता.

सर्वांत मोठे वादळ किती मोठे असू शकते, याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळतात. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून, तेथील मोजमाप सुरूच आहे.