होटगीला बाग कशाला?

‘तुम्हा होटगीकरांना बाग कशाला? चहूबाजूंनी शेतंच आहेत की!’ सोलापुरात हे कितीदा ऐकलंय. पण शेत कुणाच्या तरी मालकीचं असतं. ज्वारी डोक्याएवढी झाली की बांधावरून नुसतं फिरायला कुणी जात नाही, बायका तर नाहीतच. आमच्या शेजारच्या काकू दिवसभर खुरपतात. पाठ मोडते, मन मोकळं होत नाही. संध्याकाळी लिंबाच्या पारावर चपला काढून, पदरानं मान पुसत, कुणाशी न बोलता दहा मिनिटं बसतात, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला राहत नाही. जिथं निवांत टेकायला मिळतं, ती खरी हिरवी जागा.

झाडं पाहून बरं वाटणं म्हणजे मनाचे खेळ, असंही म्हणतात. पण संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे बागेला लॉन आणि कारंजं लागतंच. आपल्या दुष्काळी भागात ते जगवायचं कसं? आणि हवंय कुणाला? फिलाडेल्फियात पडीक जागांतला कचरा काढला, गवत आणि थोडी झाडं लावली, ठेंगणं कुंपण घातलं, एवढंच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, आजूबाजूच्या रहिवाशांत उदास वाटण्याचं प्रमाण तशाच पडून राहिलेल्या जागांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे होटगी तलावाचा काठ आहे. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात, पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन येतात. तो काठ स्वच्छ हवा, सावलीला चार लिंब हवेत, बायकांना अंधार पडेपर्यंत बिनधास्त बसता यायला हवं. माळ मात्र माळच राहू द्यावा. सरसकट झाडं लावली तर माळाचे पक्षी परागंदा होतात.

‘रोज तासभर कुठून काढायचा?’ रोज नकोच. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे अधिक समाधानी आढळले. एका दमात की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. अर्थात मुळात बरे असलेलेच जास्त फिरत असतील, हीही शक्यता उरते.

आणि पार म्हणजे दवाखाना नव्हे. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणं नको वाटू लागलं, तर ‘जरा फिरून ये’ म्हणून माणसाला वाटेला लावू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथं मराठीत बोलता येतं, आणि आपल्याकडे घराघरांत बोलतात त्या कन्नडमध्येही.