कॅल्शियमची गोळी

वसई-विरार पट्ट्यात मी एचआयव्हीची समुपदेशक म्हणून काम करते. पूर्वी रिपोर्ट हातात पडला की माणूस विचारायचा, "किती दिवस उरले?" आता विचारतो, "घरी कळेल का?" हा फरक औषधाने पडला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू केलं. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून तर सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कितीही असो, निदान झालं की गोळ्या चालू. रोज न चुकता घेतल्या आणि विषाणू तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला, की शरीरसंबंधातूनही संसर्ग पुढे जात नाही. ताटवाटीतून तर तो कधीच जात नव्हता; तरी ताट वेगळं होतंच.

वसईच्या वाड्यांत बातमी आधी वाडीच्या तळ्यावर, बावखलावर पोचते, मग घरी. तिथली माणसं जवळची सोय सोडून पहाटेच्या विरार लोकलने मुंबईहून गोळ्या आणतात. नालासोपाऱ्याच्या चाळीत तुमचं गावगोत कुणाला ठाऊक नसतं. पण भिंती पातळ आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा. खोलीमालकाच्या कानावर गेलं तर? या धास्तीने बाटलीवरचं लेबल खरवडून काढतात.

सगळ्यात अवघड असतं गरोदर सुनेचं. दवाखान्यात नाव घातलं की इतर रक्ततपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही होते. त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट तिचा येतो आणि "हिनेच आणलं" हे ठरूनही जातं. नवऱ्याचं रक्त कुणी तपासलेलंच नसतं. मग बाळ. आईच्या गोळ्या चालू, बाळाला नेव्हिरॅपिनचं सिरप, पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात, शेवटची अठराव्या महिन्यात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा, असं आम्ही सांगतो. (दुधाची बाटली दिसली की निम्मी आळी चौकशीला येते, ते वेगळंच.)

२०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. राहत्या घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क त्यात आहे. एचआयव्ही शिरलेल्या घराचा कारभार सांभाळणारं बारा वर्षांवरचं समजदार भावंड पालक म्हणून धाकट्याचं शाळेत नावही घालू शकतं. हे कलम लिहिणाऱ्याने अशी घरं पाहिली असणार.

पण सासरच्यांपुढे कायदा घेऊन उभी राहणारी सून क्वचितच भेटते. घर सावरतं ते बहुधा एखाद्या बाईमुळे. एका घरात ती सासूच निघाली. आधी तिनेच सुनेचा पेला वेगळा ठेवला होता, माझ्याशी कडाकडा भांडलीही होती. आता रात्री मालिका लागली की तीच हाक मारते, "गोळी घेतलीस का गं?" शेजारणीने विचारलं तर कॅल्शियमची म्हणून सांगते. हे खोटं मला चालतं. तिचा मुलगा तपासणीला टाळाटाळ करत होता. त्याला तिने जेवताना विचारलं, "उद्या एकटा जातोस, की मी येऊ बरोबर?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत तो दारात उभा होता.